गाण्याची इर्जिक

पौष संपता संपता धाकट्या बहिणीचा फोन आला. आमच्या या बहिणीचा फोन म्हणजे पूर्वीच्या काळची तार. तो आला की घरातली माणसे हातातले काम टाकून उभी राहतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "कोण गेले?" या खेपेला कोणी गेले नव्हते. गेली होती ती भाच्याची मोटारसायकल. बावीस हजारांना त्याने ती विकली होती आणि त्या पैशांत चिरंजीव एक गाणे काढणार होते.

"गाणे काढणार म्हणजे काय करणार?" मी विचारले.

"म्हणजे कुणा पोरीला नाचवणार आणि मोबाईलवर दाखवणार," बहीण म्हणाली. "दादा, तू बँकेत होतास. तुझं तो ऐकेल. एकदा येऊन समजाव त्याला."

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाची आप्तेष्टांना दोनच प्रसंगी आठवण होते. एक, कर्ज कसे काढावे हे विचारायचे असते तेव्हा. आणि दुसरा, दुसऱ्या कुणी ते काढू नये हे त्याला सांगायचे असते तेव्हा. मी पिशवी भरली आणि ठाण्याहून एस.टी.त बसलो. बहिणीच्या गावी जायला मी नऊ वर्षांनी निघालो होतो, हे मात्र कसारा घाट चढताना ध्यानात आले आणि उरलेला घाट मी जरा गप्पच बसलो.

मुंबई-आग्रा रस्ता हा आमच्या लहानपणचा राजरस्ता. इगतपुरी मागे पडली की हवा बदलते, नाशिक मागे पडले की माती बदलते आणि चांदवडचा डोंगर ओलांडला की भाषा बदलते. नाशिकच्या थांब्यावर चहा पिताना मला दादासाहेब फाळके आठवले. फाळक्यांचा जन्म इथून जवळच त्र्यंबकेश्वरी १८७० साली झाला. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तो काय भांडवलावर? विलायतेहून कॅमेरा आणण्यासाठी आणि चित्रणासाठी घरातले होते-नव्हते ते गहाण पडले, त्यात पत्नीचे दागिनेही गेले. सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय रात्री बसून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने लुगडे नेसले. त्याआधी फाळक्यांनी एका कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून छोटासा चित्रपट केला होता. एक कुंडी, एक बी आणि भरपूर धीर, एवढाच त्याचा खर्च. आज आपण त्यांच्या नावाने पारितोषिके देतो. पण त्या वेळी त्यांच्या घरी एखादा बँकवाला मेव्हणा समजूत घालायला गेला असता, तर तो काय बोलला असता ते मला चांगले ठाऊक आहे. कारण तेच मी मनातल्या मनात घोकत चाललो होतो.

पिंपळगावचे द्राक्षांचे मांडव गेले, राहुड घाट गेला आणि दुपारी तीनच्या सुमाराला मालेगाव आले. भाचा थांब्यावर उभा होता. मोटारसायकल नसल्यामुळे मित्राची घेऊन आला होता. वाकून नमस्कार केला, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "मामा, घरी जायच्या आधी एक जागा दाखवतो. मग काय रागवायचं ते रागवा."

मालेगावाला मुंबई-पुण्याची माणसे सहसा उतरत नाहीत. उतरली तरी वर्तमानपत्रातल्या वाईट बातम्या आठवत उतरतात. गाव तसे जुने आणि पाहण्याजोगे आहे. नाशिकला ज्यांच्या नावाचे देऊळ आणि घंटा आहे, त्या नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० साली इथे किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याच्या अंगाने मोसम नदी वाहते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातले विणकर इथे येऊन स्थिरावले. त्यांच्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले. नदीच्या एका बाजूला प्रामुख्याने मुसलमान विणकरांची वस्ती, दुसऱ्या बाजूला हिंदूंची. विणकरांच्या बाजूला पाऊल टाकले की खटखट, खटखट असा एकच आवाज कानी येतो आणि तो शुक्रवारखेरीज थांबत नाही. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी मालेगाव नमाज पढते आणि मग सिनेमाला जाते.

या सिनेमाच्या वेडातूनच इथे एक नवल घडले. शेख नासिर नावाचे एक गृहस्थ इथे व्हिडिओ पार्लर चालवीत. लोकांना सिनेमा दाखवता दाखवता त्यांना वाटले, आपणच का काढू नये? २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. लग्नाचे चित्रण करणारा व्हिडिओ कॅमेरा, मागावर काम करणारे नट आणि दरोडेखोरांना घोड्यांऐवजी सायकली! कॅमेरा पुढे सरकवायला सायकल आणि वर उचलायला बैलगाडी. गाडीचे जू खाली दाबले की मागे बसलेला कॅमेरावाला वर जातो. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. त्यातला सुपरमॅन शफीक शेख हा मागावरचा काटकुळा कामगार. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून त्यांनी आकाशात उडवला. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या उद्योगावर एक सुंदर माहितीपट केला. बिचारा शफीक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. २०२५ साली रीमा कागती यांनी याच मंडळींवर मोठा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कुठे आपल्याकडच्या घरांतून मालेगावचे नाव चांगल्या कारणासाठी निघाले.

भाच्याने मला नेले ते विणकरांच्या बाजूच्या एका बोळात. पायऱ्या चढून वर गेलो तर आठ बाय दहाची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि कोपऱ्यात एक संगणक. गाद्या का, तर मागांचा आवाज आत येऊ नये म्हणून. तरीही तो येतोच. म्हणून गाणे म्हणायचे ते शुक्रवारी. संगणकापुढे तिशीचा एक मुसलमान तरुण बसला होता. घरी उर्दू बोलणारा हा माणूस दिवसभर अहिराणी गाणी जोडतो आणि कापतो. मी विचारले, "तुम्हाला अहिराणी कळते?" तो हसून म्हणाला, "साहब, बाजार किस जबान में करते हैं हम?" मी निरुत्तर झालो. मालेगावच्या त्या दोन तीरांविषयी मी पुष्कळ वाचले होते. एका गाण्याच्या कामासाठी माणसे रोज पूल ओलांडतात, हे कुठे वाचले नव्हते.

अहिराणी गाण्यांचा हा व्यवसाय आता खानदेशात चांगलाच पसरला आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, आणि नाशिक जिल्ह्यातले बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यात लग्न असो की कानबाईचा उत्सव, ही गाणी वाजल्याशिवाय पान हलत नाही. काही गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत. मात्र त्यामागे कुठली मोठी कंपनी नाही; चारदोन मित्र, एक कॅमेरा आणि कुणाचे तरी शेत, एवढेच.

रात्री गिरणेकाठच्या त्या गावी पोचलो. बहिणीने कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी केली होती. "ये दादा, बठ," ती म्हणाली. मी शुद्ध मराठीत "बसतो" म्हणालो आणि मलाच कसेसे झाले.

ही अहिराणी आमची घरची भाषा. 'माझा'ला 'मना', 'तुझा'ला 'तुना', 'आहे'ला 'शे'. त्यातला हा 'ना' पाहून गुजरातीची आठवण येते. ग्रिअर्सनसाहेबांनी भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांबरोबर बसवले. साहेबांचे जाऊ द्या, आम्ही तरी तिला कुठे बसवले? ठाण्याला बिऱ्हाड केल्यावर मी दोनतीनदा घरात अहिराणी बोललो, तेव्हा मुलांना हसू आले. नंतर मीच ती बंद केली. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेजारच्याच लेवा बोलीत जात्यावर गाणी रचत होत्या. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली गाणी छापून निघाली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. ती गाणी मी सभांतून ऐकली, वाहवा केली. पण आपल्या आईची जात्यावरची गाणी टिपून ठेवावीत, हे मला एकदाही सुचले नाही. आई गेली आणि ती गाणीही गेली.

जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. भाच्याने निमूटपणे खताच्या दुकानातून मिळालेली एक डायरी पुढे ठेवली. त्यात हिशेब होता. संगीत आणि ध्वनिमुद्रण ६००० रुपये. कॅमेरा आणि कॅमेरावाला, दिवस एक, ४०००. नायिका ३०००. ड्रोन १५००. संकलन २०००. कापड, थर्माकोल, बांगड्या वगैरे ६५०. प्रवास आणि चहा १३५०. एकूण १८,५००. उरलेले ३५०० त्याने आईच्या हाती ठेवले होते.

"आणि उत्पन्न?" मी चष्मा सारखा करून विचारले.

त्यानेही काही लपवले नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशात वाटा मिळायचा तर आधी हजार वर्गणीदार लागतात. शिवाय लोकांनी वर्षभरात मिळून चार हजार तास तुमची चित्रे पाहिलेली असावी लागतात. छोटी चित्रे लोकप्रिय करून आत शिरण्याचा आणखी एक मार्ग आहे, पण तोही सोपा नाही. त्याचे वर्गणीदार होते तीनशे बारा.

"म्हणजे सगळे बुडीत," मी म्हणालो.

"पहिलं पीक बुडतंच, मामा," तो म्हणाला. "म्हणून कुणी पेरायचं सोडतं का?"

शेतकऱ्याच्या मुलाशी कर्जाविषयी बोलताना हीच पंचाईत होते. मी म्हणालो, "उद्या काय ते पाहू."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठवले. अंगणात दहाबारा पोरे जमली होती. कॅमेरावाला सटाण्याहून आला होता. नायिका धुळ्याहून पहिल्या गाडीने, आईसह. मुलगी कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत. तिची आई मात्र लिंबाखाली पोत्यावर बसली ती दिवसभर तिथून हलली नाही. मुलीवर एक डोळा आणि शेवटच्या बसच्या वेळेवर दुसरा. फाळक्यांना बाई मिळाली नव्हती. शंभरावर वर्षांनी ती मिळते, पण आईच्या अटीवर. त्या माउलीविषयी मला आदरच वाटला.

आता या मंडळींनी कसे काम केले ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात फार मौज आहे.

गाणे आधीच म्हणून ठेवलेले असते. शेतात ते कर्ण्यावर वाजवायचे आणि नायिकेने ओठ हलवायचे, एवढे मला ठाऊक होते. पण पोरांनी गाणे लावले ते दुप्पट वेगाने! शाळेतली मुले घाईघाईने पाढे म्हणतात तसे काहीतरी ऐकू येऊ लागले. शब्द म्हणून कळेना. त्या वेगाने ओठ हलवता हलवता मुलीची तारांबळ. मी विचारले, "यंत्र बिघडले का?" कॅमेरावाल्याने समजावून दिले. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रे घेतो. दाखवताना ती सेकंदाला पंचवीसच दाखवायची. साहजिकच सगळे निम्म्या वेगाने चालते. पदर संथ उडतो, केस संथ हलतात. ओठ मात्र दुप्पट वेगाने हललेले असल्यामुळे ते मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. मोठ्या चित्रपटांतून नायिका तरंगल्यासारखी दिसते त्यामागची युक्ती ही! याला पैसा एकही लागत नाही.

उजेडाचे पाहा. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन तिरके आणि पिवळसर असते. तेव्हा भराभर काम उरकायचे. मधल्या वेळात चेहऱ्यावर नाकाची सावली पडते. त्यावर उपाय म्हणून मालेगावच्या मागावरचे कोरे पांढरे कापड चार बांबूंना ताणून डोक्यावर धरतात. ऊन गाळून खाली येते आणि चेहरा दुधासारखा मऊ दिसतो. खालून थर्माकोलच्या पांढऱ्या फळीने उजेड परत वर टाकायचा. ही फळी धरण्याचे काम मी अर्धा तास केले. हात भरून आले. पण बँकेतल्या शेवटच्या दहा वर्षांत इतके उपयोगी काम मी केले असेन असे वाटत नाही.

चालत्या चित्रासाठी शेजारच्या काकांची टायरची बैलगाडी आली. पाटाच्या कडेची वाट आदल्या रात्री पाणी मारून दाबून ठेवली होती, म्हणजे धक्के कमी. बैल शहाणे. फक्त 'कट' म्हटल्यावर ते थांबत नसत. त्यांना काकांचाच शब्द लागे. पहिल्या कडव्यात मुलगी झोक्यावर बसते, तिथे तर पोरांनी कमालच केली. लिंबाला दोन झोके समोरासमोर बांधले. एकावर मुलगी, दुसऱ्यावर कॅमेरावाला. दोघे एकदमच झुलू लागले की मुलगी जागच्या जागी दिसते आणि मागचे शेत, आभाळ आणि लिंबाच्या फांद्या हेलकावे घेतात. लाख रुपयांच्या यंत्राने याहून काही निराळे झाले असते असे मला वाटत नाही.

अडचणीही आल्या. ड्रोनवाल्याने अकरा वाजता निरोप धाडला की त्याला लग्नाचे काम मिळाले, येणार नाही. भाच्याचा चेहरा उतरला. आकाशातून दिसणाऱ्या हिरव्या गव्हावर त्याची सारी भिस्त होती. मग कोणीतरी गावच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवले. सरपंचांना विचारून दोघे टाकीवर चढले आणि वरून चित्र घेतले. दीड हजार वाचले. दुसऱ्या कडव्यात पाऊस हवा होता, त्यासाठी गव्हातले तुषार सिंचन सुरू करायचे ठरले होते, तर नेमकी त्याच वेळी वीज गेली. शेवटी तिघांनी फवारणीचे पंप पाठीला लावले, पाण्याने दोनदा धुऊन घेतले आणि मुलीवर पाऊस पाडला. पलीकडच्या वावरात कांद्याची लागण करणाऱ्या बाया हसून हसून बेजार झाल्या. त्यांतल्या सहाजणी मग आपण होऊन आल्या, पदर सारखे केले आणि मुलीच्या मागे फेर धरून उभ्या राहिल्या. मजुरी कापली जाईल हे त्यांना ठाऊक होते. वावराचा मालक आला, त्याने पाहिले आणि तोही बांधावर बसला.

दुपारी बहिणीने सगळ्यांना भरीत-भाकरी वाढली. चाळीसएक भाकरी तिने एकटीने थापल्या असतील. तोंडाने मात्र "वेडं झालंय पोरगं" हे चालूच होते.

चार वाजता भाचा माझ्यापाशी आला. "मामा, शेवटच्या कडव्यात एक म्हातारा माणूस लागतो. बांधावरून लांबून चालत येणारा. ज्यांना सांगितलं होतं त्यांना ताप आलाय. तुम्ही चालाल का? पाठमोरेच दिसाल."

धोतर आणि टोपी आली. माझ्या हाती एक पिशवी देण्यात आली. "या वेळी गाणं साध्या वेगात लावतो," तो म्हणाला, "चाल नैसर्गिक दिसायला हवी." आणि मग ते गाणे मी पहिल्यांदा नीट ऐकले.

गाणे अखाजीचे होते. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. खानदेशात तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. घराघरांतून पितरांच्या नावाने घागर भरतात, झाडांना झोके बांधतात आणि सासरच्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो, तो मुऱ्हाळी. पहिल्या कडव्यातली नवी नवरी मुऱ्हाळ्याची वाट पाहते. दुसऱ्यातली लेकुरवाळी पावसात उभी राहून वाट पाहते. तिसऱ्यात तिचे केस पिकले आहेत, आईबाप गेले आहेत, माहेरच्या घराला कुलूप आहे. तरी अखाजीच्या दिवशी ती उंबऱ्यात येऊन बांधाकडे पाहते. भाऊ मोठ्या गावी आहे. त्याला काम असेल, असे ती शेजारणीला सांगते.

मी बांधावर उभा होतो. शंभर पावलांवर बहिणीचे घर. दारात कॅमेऱ्याकडे पाठ करून भाच्याने कुणाला तरी उभे केले होते. नायिकेच्या केसांना पावडर लावून म्हातारी करण्याचा बेत होता, तो दुपारीच फसला होता; सगळे हसले होते. आता दारात नऊवारीतली, खरीच पांढऱ्या केसांची बाई होती. आपण कशासाठी उभ्या आहोत हे तिला सांगितले नसावे. चुलीवरचे दूध उतू जाईल म्हणून ती सारखी आत पाहत होती.

"चला मामा," कोणीतरी ओरडले.

मी चाललो. नऊ वर्षे त्या शंभर पावलांत मावली असे काही मी लिहिणार नाही. एवढेच सांगतो की एकदाच चालायचे होते आणि एकदाच चाललो. पुन्हा घ्यावे लागले नाही.

रात्री नायिका आणि तिची आई बसने गेल्या, बैल गोठ्यात गेले. मी ती डायरी पुन्हा मागवली. दीड हजार वजा करून एकूण १७,००० झाले होते. मागचे पान उलटले तर तिथे नुसती नावे होती, आकडे नव्हते. बैल: काका. टाकी: सरपंच. कांदेवाल्या बाया: सहा. पंप: तीन घरे. भाकरी: माय. आणि सर्वांत खाली, ताज्या शाईत: मामा.

"इथे रक्कम का नाही?" मी विचारले.

"हे पैशानं नाही फेडायचं. काकांकडे वैशाखात लग्न आहे, तिथं आम्ही कॅमेरा धरणार. सहा बायांपैकी एकीची नात डोहाळजेवणाला येतेय, तिचे फोटो काढायचे."

शहरातल्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पण आपल्याकडे इर्जिक म्हणून एक चाल होती. एखाद्याची नांगरट मागे पडली की गावातली औते एके दिवशी त्याच्या वावरात उतरत. मजुरी नाही, मालकाने पोटभर जेवण घालायचे आणि दुसऱ्याची पाळी आली की आपले औत न्यायचे. शेतात ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली असे मी समजत होतो. त्या पानावर ती मला पुन्हा भेटली. सतरा हजारांत गाणे होते हे खरे नाही. सतरा हजार हा त्यातला फक्त रोखीचा भाग. उरलेले गाणे गाव पुरवते, आणि ज्याच्या मागच्या पानावर नावे नाहीत त्याला ते सतरा लाखांतही जमेल की नाही, शंका आहे. माझ्या स्वतःच्या मागच्या पानावर किती नावे निघतील, हा हिशेब मी त्या रात्री करून पाहिला. तो इथे देत नाही.

भाच्याला मी काहीच समजावले नाही. बहिणीने विचारले तेव्हा म्हणालो, "हिशेब चोख ठेवतो." बँकवाल्याच्या तोंडी याहून मोठी स्तुती येत नाही.

वाचक विचारतील, पुढे काय झाले? गाणे अखाजीला प्रसिद्ध झाले. दिवाळीपर्यंत ते चाळीस हजारांवर वेळा पाहिले गेले. वर्गणीदार नऊशेच्या घरात आहेत. उत्पन्न अजून शून्य. मात्र ते पाहून कळवणच्या एका गायकाने आपल्या गाण्याचे चित्रण भाच्याकडे सोपवले, त्याचे सहा हजार मिळाले. मोटारसायकल अजून आलेली नाही. तो बसने हिंडतो. त्याचे भले होईलच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अखाजीला मी गेलो होतो. घागर भरून झाली, जेवणे झाली आणि मग ओटीवर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. शेजारीपाजारी दाटीवाटीने बसले. झोका आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. पावसात कांदेवाल्या बाया आल्या तेव्हा घरभर हशा झाला. तिसरे कडवे लागले. दारातली बाई दिसली आणि लांब बांधावरून येणारा टोपीवाला म्हातारा. ओटीवर सगळे गप्प झाले. बहीण माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले. गाणे संपल्यावर तिने पदराने मोबाईलची काच पुसली आणि म्हणाली,

"दादा, तू पाय वढीसन चालस. डॉक्टरले दखाड."

"दखाडस," मी म्हणालो.